बिल्ड अडते तेव्हा

प्रोग्रामरने लिहिलेला सोर्स कोड आणि संगणकावर प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम यांच्या दरम्यान जे काम होते त्याला बिल्ड म्हणतात. सी भाषेतल्या प्रकल्पात हे काम चार टप्प्यांत होते. आधी प्रीप्रोसेसर हेडर फाइली आणून कोडमध्ये मिसळतो, मग कंपायलर त्याचे असेंब्लीत रूपांतर करतो, असेंब्लर त्यापासून ऑब्जेक्ट फाइल बनवतो आणि शेवटी लिंकर सगळ्या ऑब्जेक्ट फाइली बाहेरच्या लायब्रऱ्यांशी जोडून प्रोग्राम तयार करतो. हेडर फाइल सापडली नाही तर पहिला टप्पा अडतो, भाषेचा नियम मोडला तर दुसरा. एखादे फंक्शन वापरले आहे पण त्याची व्याख्या कुठेच मिळत नाही, ही तक्रार चौथ्या टप्प्यावर लिंकर करतो. कोण तक्रार करतो आहे हे आधी ओळखायचे, ही चूक शोधण्याची पहिली पायरी गेल्या पन्नास वर्षांत बदललेली नाही.

विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची बिल्ड कंपनीच्या आवारात, कंपनीने निवडलेल्या यंत्रांवर होते. ग्राहकाच्या हाती तयार प्रोग्राम पडतो. ओपन सोर्समध्ये कोडच जगभर जातो आणि लेखकाने कधी न पाहिलेल्या यंत्रावर, वेगळ्या कंपायलरने, वेगळ्या लायब्रऱ्यांसह बांधला जातो. म्हणून बिल्डची चूक शोधणे हे या जगात स्वतंत्र कौशल्य झाले. त्याची बहुतेक अवजारे एकेका विशिष्ट चुकीतून जन्मली. ती काळाच्या क्रमाने पाहिली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : बिल्ड थांबली तर चूक सापडते, चुकीचे उत्तर खरे मानून बिल्ड पुढे गेली, तर ती चूक अनेक वर्षे कोणाच्या नजरेला पडत नाही.

मेक या पहिल्या अवजाराचे मूळ अशाच एका न थांबलेल्या चुकीत आहे. १९७६ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये, याक या प्रसिद्ध प्रोग्रामचे लेखक स्टीव्ह जॉन्सन आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत वैतागून आले. मुळात बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ वाया गेली होती. चूक त्यांनी केव्हाच सुधारली होती. पण सुधारलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती आणि लिंकर जुनीच ऑब्जेक्ट फाइल इमानेइतबारे जोडत होता. फेल्डमन यांचीही आदली संध्याकाळ अशाच घोळात गेली होती. फाइलींचे परस्परावलंबन शोधून काढणारे मोठे साधन करावे अशी कल्पना आधी निघाली. ती छाटत छाटत त्या शनिवार-रविवारी मेक तयार झाले. या कामासाठी फेल्डमन यांना २००३ सालचा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

मेकची रीत साधी आहे. कोणती फाइल कोणत्या फाइलींपासून बनते हे मेकफाइलमध्ये लिहायचे आणि त्याखाली ती बनवण्याची आज्ञा द्यायची. मेक दोन्हीकडच्या फाइलींच्या शेवटच्या बदलाची वेळ ताडून पाहते. कच्चा माल पक्क्या मालापेक्षा नवा निघाला तर आज्ञा चालवते, नाही तर हात लावत नाही. जॉन्सन यांची सकाळ ज्या चुकीने खाल्ली ती या एका तुलनेने मिटली. आज्ञेची ओळ टॅबने सुरू झाली पाहिजे, हा नियम मात्र त्याच घाईत शिरला. फेल्डमन यांना लेक्स आणि याक ही तेव्हाची नवी साधने वापरून पाहायची होती. ओळीच्या सुरुवातीचा टॅब ओळखणे सोपे जात होते म्हणून तसे केले. काही आठवड्यांत मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच. त्यांच्या मेकफाइली मोडू नयेत म्हणून नियम तसाच ठेवला गेला.

टॅब आणि आठ स्पेस डोळ्यांना सारखेच दिसतात. एडिटरने टॅबच्या जागी स्पेस घातले किंवा कुठून तरी मेकफाइल कॉपी करून चिकटवली, की मेक ‘मिसिंग सेपरेटर’ एवढे म्हणून थांबते. ओळ पुनःपुन्हा वाचली तरी चूक दिसत नाही, कारण ती दिसण्यासारखी नसतेच. पुढे ग्नू प्रकल्पाच्या मेकने, म्हणजे ग्नू मेकने, या एररमध्येच ‘आठ स्पेसऐवजी टॅब द्यायचा होता का?’ असा प्रश्न जोडला. एररच्या मजकुरातच उपाय सुचवण्याचे हे फार मोलाचे उदाहरण आहे. हजारो नवख्यांची सुटका त्या एका कंसातल्या वाक्याने केली. २०१० साली ग्नू मेकच्या ३.८२ आवृत्तीत टॅबऐवजी दुसरे चिन्ह निवडण्याची सोयही आली, पण तोवर टॅबची सवय जगभर मुरली होती.

वेळेच्या तुलनेवर सगळा भार टाकल्यामुळे आणखी काही चुका मेकसोबत आल्या. मेकफाइलमध्ये लिहिलेले तेवढेच परस्परावलंबन मेकला ठाऊक असते. हेडर फाइल बदलली, पण ती वापरणाऱ्या फाइलीच्या नोंदीत तिचे नाव नसले, तर मेक जुनी ऑब्जेक्ट फाइलच चालू ठेवते. अर्धा प्रोग्राम जुन्या रचनेने आणि अर्धा नव्या रचनेने बांधला जातो, बिल्ड सुखरूप पार पडते आणि प्रोग्राम चालवताना भलत्याच ठिकाणी कोसळतो. सगळे पुसून पहिल्यापासून बांधण्याचा ‘मेक क्लीन’ हा उपाय त्यामुळेच रूढ झाला. तो लागू पडला, तर मेकफाइलमधली नोंद अपुरी आहे हेच सिद्ध होते. दुखणे तिथेच राहते. खरा उपाय म्हणजे या नोंदी कंपायलरकडूनच काढून घेणे, आणि जीसीसी या कंपायलरमध्ये तशी सोय आहे. नेटवर्कवरच्या डिस्कवर काम करताना सर्व्हरचे घड्याळ आणि यंत्राचे घड्याळ यांत फरक पडला, की फाइल भविष्यकाळात बदलली असल्याचे मेकला दिसते. अशा वेळी ग्नू मेक ‘क्लॉक स्क्यू’ची सूचना देऊन बिल्ड अपुरी असू शकते असे बजावते. ही सूचना एरर नसते, म्हणून बहुतेक लोक ती वाचतही नाहीत.

मोठ्या प्रकल्पांनी प्रत्येक फोल्डरला वेगळी मेकफाइल दिली आणि वरचे मेक खालच्या मेकला हाक मारू लागले. ऑस्ट्रेलियातील पीटर मिलर यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस एका गाजलेल्या निबंधात या पद्धतीवर नेमके बोट ठेवले : वरच्या मेकला संपूर्ण चित्र दिसत नाही, खालच्यालाही दिसत नाही, म्हणून क्रम चुकतो आणि लोक तीच बिल्ड दोन-दोनदा चालवून वेळ मारून नेतात. अनेक कामे एकाच वेळी चालवण्याची सोय वापरली की हा दोष उघडा पडतो. एकेक काम केले तर योगायोगाने योग्य क्रम साधला जातो. आठ कामे एकदम सोडली की अजून न बनलेली फाइल कोणीतरी मागतो. आठ कामांचे आउटपुट एकमेकांत मिसळते, हा त्यातला दुसरा त्रास. म्हणून अनुभवी माणूस अडलेली बिल्ड आधी एकेका कामाने चालवून पाहतो. तेव्हाच पहिली एरर कोणती ते कळते, आणि बहुतेक वेळा वाचण्याजोगी तीच असते. एक हेडर फाइल सापडली नाही की खाली शेकडो ओळींची रास लागते. त्या सगळ्या पहिल्या ओळीचे परिणाम असतात.

सर्वांत शेवटची ओळ तर जवळजवळ काहीच सांगत नाही. ‘एरर १’ म्हणजे कंपायलर अपयशाची खूण देऊन थांबला. ‘एरर २’ म्हणजे सहसा खालचे मेक थांबले आणि वरचे मेक तेच कळवते आहे. काही आकडे मात्र बोलके आहेत. १२७ म्हणजे शेलला ती आज्ञाच सापडली नाही, अर्थात लागणारे एखादे साधन यंत्रावर नाही. कंपायलरच ‘किल्ड’ म्हणून संपला असेल तर मेमरी पुरली नाही आणि कर्नेलने त्याला मारले, अशी शंका आधी घ्यावी. एकाच वेळी चालणारी कामे कमी केली की अशी बिल्ड पार पडते.

पुढचा प्रश्न यंत्रायंत्रांतल्या फरकांचा होता. १९८०च्या दशकात युनिक्सला अनेक फाटे फुटले होते. बर्कलेचा एक, एटी अँड टीचा सिस्टिम फाइव्ह हा दुसरा, आणि सन, एचपी, आयबीएम, डेक अशा कंपन्यांचे आपापले. एका ठिकाणी स्ट्रिंगची हेडर फाइल एका नावाची, दुसरीकडे दुसऱ्या. मेमरीतला मजकूर हलवणारे फंक्शन इथे वेगळे, तिथे वेगळे. सुरुवातीला लेखक मेकफाइलमध्ये सगळ्यांसाठीच्या ओळी लिहून ठेवत आणि वापरणाऱ्याने आपली तेवढी उघडावी, बाकीच्या झाकाव्यात अशी अपेक्षा असे. लॅरी वॉल यांनी आरएन या प्रोग्रामसाठी आणि पुढे पर्लसाठी वेगळी वाट धरली : एक स्क्रिप्ट यंत्राची तपासणी करते, अडले तिथे माणसाला विचारते आणि उत्तरांवरून मेकफाइल तयार करते. एक्स विंडो सिस्टिमने आयमेक वापरले. त्यात प्रत्येक यंत्राचे वर्णन आधीच लिहून ठेवावे लागे. वर्णन जुने झाले की बिल्ड मोडे.

१९९१च्या जूनमध्ये डेव्हिड मॅकेन्झी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी ग्नूची अनेक साधने सांभाळत होते. प्रत्येक यंत्रासाठी मेकफाइलमध्ये हाताने निवडायच्या पर्यायांची संख्या वीसच्या घरात गेली होती. त्यांनी ही निवड करणारी शेल स्क्रिप्ट लिहिली आणि त्यातून ऑटोकॉन्फ उभे राहिले. यंत्राचे नाव विचारायचे नाही, यंत्राला काय येते ते करून पाहायचे, हा त्यातला मोठा विचार. एखादे फंक्शन आहे का हे पाहायचे तर ते वापरणारा चार ओळींचा सी प्रोग्राम लिहायचा, कंपाइल करायचा, जमले तर ‘यस’, नाही तर ‘नो’. कोणी कधी नाव न ऐकलेल्या यंत्रावरही ग्नूची साधने बांधता येऊ लागली ती या विचारामुळे. ओपन सोर्सच्या प्रसारात ऑटोकॉन्फचा वाटा फार मोठा आहे आणि त्याचे श्रेय क्वचितच दिले जाते. पुढे मेकफाइली बनवणारे ऑटोमेक आले, आणि १९९६ साली गॉर्डन मॅट्झिगकाइट यांचे, निरनिराळ्या यंत्रांवर शेअर्ड लायब्रऱ्या बांधणारे लिबटूल.

या व्यवस्थेत चूक शोधण्याची गुरुकिल्ली म्हणजे कॉन्फिग लॉग. पडद्यावर फक्त ‘यस’ आणि ‘नो’ दिसतात. लॉगमध्ये प्रत्येक चाचणीचा प्रोग्राम, तो कंपाइल करण्याची पूर्ण आज्ञा आणि कंपायलरने काढलेली तक्रार शब्दशः नोंदलेली असते. सर्वांत जास्त घाबरवणारी एरर पाहा : ‘सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’. कंपायलरच मोडला असा तिचा अर्थ घेऊन लोक तो पुन्हा बसवतात आणि तरीही तीच एरर येते. लॉग उघडला की दिसते, कंपायलर धडधाकट आहे; लिंकरला सी लायब्ररीची सुरुवातीची ऑब्जेक्ट फाइल सापडलेली नाही, म्हणजे सी लायब्ररीचे डेव्हलपमेंट पॅकेज बसवायचे राहिले आहे. कधी कोणीतरी पूर्वी लिंकरसाठी दिलेला चुकीचा पर्याय एन्व्हायर्नमेंटमध्ये तसाच पडून असतो, कधी डिस्क भरलेली असते. हा लॉग मात्र शेवटून वाचून उपयोग नाही. शेवटी सगळ्या व्हेरिएबलची लांबलचक यादी असते. खरी तक्रार तिच्या वर, जिथे चाचणी फसली तिथे असते. शेवटच्या वीस ओळी पाठवून मदत मागणाऱ्याला प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर पूर्ण लॉग मागतात ते यासाठी.

‘लायब्ररी बसवली आहे, तरी सापडत नाही’ ही तक्रार तर नित्याची. डेबियन आणि फेडोरासारखी लिनक्सची डिस्ट्रिब्युशने एका लायब्ररीची दोन पॅकेजे करतात. प्रोग्राम चालवायला लागणारा भाग एकात, आणि बांधायला लागणाऱ्या हेडर फाइली वगैरे दुसऱ्यात. त्या दुसऱ्याच्या नावाला डेबियनमध्ये ‘डेव्ह’ आणि फेडोरात ‘डेव्हेल’ जोडलेले असते. पहिले पॅकेज असून भागत नाही. लायब्ररी कुठे आहे, तिला कोणते पर्याय लागतात हे सांगणारे पीकेजी-कॉन्फिग हे साधन २०००च्या सुमारास आले आणि ही माहिती एका छोट्या फाइलीत बसली.

ऑटोकॉन्फच्या थरांमुळे चूक उगवते कुठे आणि दिसते कुठे यातले अंतर फार वाढले. पीकेजी-कॉन्फिगचा मॅक्रो ज्या फाइलीत असतो ती यंत्रावर नसेल, तर यंत्राची तपासणी करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवताना एम-फोर हे मॅक्रो-साधन तो मॅक्रो ओळखत नाही आणि त्याचे नाव जसेच्या तसे स्क्रिप्टमध्ये सोडून देते. इथे काही थांबत नाही. पुढे शेल ती स्क्रिप्ट चालवते, त्या अनोळखी नावापाशी अडखळते आणि ‘सिंटॅक्स एरर’ देते. वाचणारा शेलची स्क्रिप्ट तपासत बसतो; ती तर यंत्राने लिहिलेली, हजारो ओळींची. प्रत्यक्षात एक पॅकेज बसवायचे असते. कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधून घेतलेल्या कोडमध्ये फाइलींच्या वेळा वाटेल तशा पडतात, हेही असेच. मेकला कॉन्फिगर स्क्रिप्ट जुनी वाटते, ते ती पुन्हा बनवायला निघते आणि लेखकाच्या यंत्रावर होती नेमकी ती ऑटोमेकची आवृत्ती मागते. कोणी काही बदललेले नसते, तरी बिल्ड मोडते.

काही चुका सॉफ्टवेअरमध्ये नसतातच. १९९०च्या दशकात घरच्या पीसीवर लिनक्स कर्नेल बांधणाऱ्यांना कंपायलर मध्येच ‘सिग्नल ११’ देऊन मरताना दिसू लागला. नेदरलँड्समधील रॉजिअर वोल्फ यांनी या एकाच एररवर माहितीपत्रक लिहिले. त्यातली कसोटी आजही पहिल्यांदा लावली जाते : तीच आज्ञा पुन्हा द्या. बिल्ड पुन्हा त्याच ओळीवर मेली तर दोष कोडमध्ये किंवा कंपायलरमध्ये. दर वेळी वेगळ्या ठिकाणी मेली तर दोष यंत्रात, बहुधा मेमरीत. कर्नेलची बिल्ड मेमरीचा कोपरा न् कोपरा तासन् तास राबवते, म्हणून एरवी लपून राहणारा एक बिघडलेला बिट तिथे उघड होतो. २०१७ साली एएमडीच्या सुरुवातीच्या काही रायझन प्रोसेसरांवर लिनक्समध्ये एकाच वेळी अनेक कामांची बिल्ड चालवली की कंपायलर असाच अधूनमधून कोसळे. ऑगस्टमध्ये कंपनीने दोष मान्य करून ते प्रोसेसर बदलून दिले.

शेकडो लोक एकाच कोडवर काम करू लागल्यावर बिल्ड का मोडली याच्याबरोबर कोणाच्या बदलाने मोडली हा प्रश्न आला. नेटस्केपने ३१ मार्च १९९८ रोजी आपला ब्राउझर मोझिला प्रकल्प म्हणून खुला केला. त्याच्या टिंडरबॉक्समध्ये वेगवेगळ्या यंत्रांवर सतत बिल्ड चालत. एका तक्त्यात प्रत्येक यंत्राचा रकाना, बिल्ड पार पडली तर हिरवा, मोडली तर लाल, आणि शेजारी त्या वेळेत कोणी काय बदलले त्याची नोंद. लाल दिसला की पाळीवर असलेला ‘शेरीफ’ नवे बदल घेणे बंद करी. आज प्रत्येक बदल घेण्याआधी आपोआप होणारी बिल्ड ही त्याच कल्पनेची पुढची पायरी आहे.

२००५ साली गिट आले आणि त्याच वर्षी त्यात ‘बायसेक्ट’ ही आज्ञा. चालणारी एक आवृत्ती आणि मोडलेली एक आवृत्ती सांगितली, की ते मधली आवृत्ती बांधायला देते आणि दर वेळी निम्मे बदल बाद करते. चार हजार बदलांमधला दोषी बदल साधारण १२ बिल्डमध्ये सापडतो. मधल्याच कुठल्या बदलावर कोड बांधताच येत नसेल तर तो वगळावा लागतो. असे बदल खूप असले की शोध फसतो. म्हणून लिनक्स कर्नेलमध्ये बदलांची मालिका पाठवताना प्रत्येक बदलानंतर कर्नेल बांधता आले पाहिजे, अशी स्पष्ट अट आहे. बाहेरून कडक वाटणारी ही शिस्त पुढच्या शोधणाऱ्याची सोय म्हणून आली आहे.

डिस्ट्रिब्युशनच्या पातळीवर हेच काम हजारो पॅकेजांसाठी करावे लागते. सोर्सपासून बांधता न येणाऱ्या पॅकेजाला डेबियनमध्ये ‘एफटीबीएफएस’ ही संज्ञा आहे आणि तो गंभीर दोष मानला जातो. कंपायलरची नवी आवृत्ती आली की अशा दोषांची लाट येते. २०१५ साली जीसीसी ५ मध्ये सी प्लस प्लसच्या स्ट्रिंगची अंतर्गत रचना बदलली. जुन्या कंपायलरने बांधलेली लायब्ररी आणि नव्याने बांधलेला प्रोग्राम जुळेनात, आणि लिंकर प्रत्यक्षात अस्तित्वात असलेल्या फंक्शनबद्दल ‘अनडिफाइंड रेफरन्स’ म्हणू लागला. कोड कुठेच चुकला नव्हता. अवलंबून असलेली सगळी पॅकेजे ठरावीक क्रमाने पुन्हा बांधणे हा मुख्य उपाय होता. २०२० सालच्या जीसीसी १० ने उलट खरी चूक बाहेर काढली. अनेक जुन्या प्रकल्पांत हेडर फाइलीत ‘एक्सटर्न’ न लिहिता ग्लोबल व्हेरिएबल टाकलेले होते. ती हेडर फाइल दहा ठिकाणी वापरली की दहा व्याख्या होत, आणि आजवर लिंकर त्या गुपचूप एकच धरून चालत असे. नव्या आवृत्तीत हे बंद झाले आणि ‘मल्टिपल डेफिनिशन’चा पाऊस पडला. जुना पर्याय देऊन वेळ मारून नेता येत होती. बहुतेक मेंटेनरांनी ‘एक्सटर्न’ लिहून कोड सुधारला.

ऑटोकॉन्फचे ओझे नको झालेले प्रकल्प दुसरीकडे वळले. सीमेक किटवेअर कंपनीत २०००च्या सुमारास घडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने पैसा पुरवलेल्या वैद्यकीय प्रतिमांच्या आयटीके प्रकल्पासाठी, विंडोजवरही चालेल असे काही हवे होते. केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाने चौथ्या आवृत्तीच्या तयारीत आधी एस्कॉन्स हे साधन घेऊन पाहिले आणि २००६ साली सीमेक स्वीकारले. त्यामुळे त्याला ओपन सोर्समध्ये मोठे वजन आले. इव्हान मार्टिन यांचे निंजा आणि युसी पाकानेन यांचे मेसन ही बिल्डची साधने नंतरच्या दशकातली. सीमेकची खास चूक त्याच्या कॅशमध्ये असते. एखादी चाचणी फसली हे उत्तरही ते फाइलीत लिहून ठेवते, आणि मागाहून लायब्ररीची जागा किंवा एखादा पर्याय बदलला तरी जुनी उत्तरे चालू राहू शकतात. बिल्डचे फोल्डर कोडपासून वेगळे ठेवायचे आणि शंका आली की ते पूर्ण पुसून टाकायचे, ही सवय यातून लागली.

करून पाहण्याच्या पद्धतीत एक धोका पहिल्यापासून होता. चाचणी फसली म्हणजे ती सोय यंत्रावर नाही, असाच अर्थ घेतला जातो. चाचणीचा प्रोग्रामच चुकीचा लिहिला असेल ही शक्यता धरलेलीच नाही. तो धोका मुद्दाम कसा वापरता येतो ते मार्च २०२४ मध्ये दिसले; तेव्हा एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत घातलेली चोरवाट उघड झाली. पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करणारे आन्द्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीत एसएसएच लॉगइनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. त्याचा माग काढत ते बिल्डपर्यंत पोहोचले आणि २९ मार्चला त्यांनी ते जाहीर केले. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटपासाठी बांधलेल्या कोडच्या गठ्ठ्यात, गिटमध्ये नसलेली, एम-फोरची बदललेली फाइल होती. ती बिल्डच्या वेळी चाचणीसाठीच्या फाइलींत दडवलेला कोड बाहेर काढून लायब्ररीत मिसळत होती, आणि तेही डेबियन किंवा आरपीएमचे पॅकेज बांधले जात असतानाच.

त्याच प्रकल्पाच्या सीमेक फाइलीत आणखी एक गोष्ट निघाली. लँडलॉक ही लिनक्सची सुरक्षा-सोय आहे का, हे पाहणाऱ्या छोट्या चाचणी-प्रोग्राममध्ये, हेडर फाइलींच्या ओळी संपून फंक्शन सुरू होते त्यामध्ये, एका रिकाम्या ओळीच्या सुरुवातीला एकच टिंब होते. सी भाषेत तिथे टिंब चालत नाही. म्हणून चाचणी प्रत्येक यंत्रावर फसे, उत्तर ‘नाही’ येई, आणि ती सुरक्षा बंद ठेवून बिल्ड व्यवस्थित पुरी होई. फेरफार तपासणाऱ्याला छपाईची धूळ वाटावी एवढेच ते चिन्ह. मूळ मेंटेनरने काही दिवसांतच ते काढून टाकले.

दुष्ट हेतू नसतानाही हेच घडू शकते, हे त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या जीसीसी १४ च्या तयारीत दिसले होते. आधी जाहीर न केलेले फंक्शन वापरण्याची मुभा सी भाषेच्या १९९९ सालच्या प्रमाणकाने काढून घेतली होती. कंपायलर मात्र पाव शतक नुसती सूचना देत आले. आधी क्लँग या कंपायलरच्या १६ व्या आवृत्तीने आणि मग जीसीसी १४ ने ती एरर केली. नेहमीच्या कोडमध्ये यामुळे बिल्ड थांबते आणि सुधारता येते. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टमधले चाचणी-प्रोग्राम मात्र हेडर फाइल न घेताच ‘एक्झिट’ वापरणारे. ते नव्या कंपायलरवर फसतात, स्क्रिप्ट ‘नो’ म्हणते आणि प्रोग्राम त्या सोयीशिवाय बांधला जातो. फेडोरात फ्लोरियन वायमर यांच्या पुढाकाराने हजारो पॅकेजे तपासली गेली. त्यासाठी खास बदललेला कंपायलर वापरला, जो अशी जागा आली की बिल्ड चालू ठेवून वेगळी नोंद करी. पार पडलेल्या बिल्डमधल्या चुकाही त्यामुळे हाती लागल्या. जेंटू या डिस्ट्रिब्युशनने आपल्या पॅकेज-साधनाला कॉन्फिग लॉग आपोआप वाचायला लावले, आणि जाहीर न केलेले फंक्शन आढळले की बिल्ड यशस्वी झाली तरी ते मेंटेनरला तशी सूचना देते. सीमेकने २०२३ सालच्या ३.२६ आवृत्तीपासून आपल्या चाचण्यांची सविस्तर नोंद एकाच नव्या फाइलीत ठेवायला सुरुवात केली. चाचणीत कोणता प्रोग्राम कंपाइल केला आणि कंपायलर नेमके काय म्हणाला, हे तिथेही वाचता येते.